त्रफिम मिलेतातच राहिला

नव्या करारात प्रेषित पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस निरोपांची गर्दी आहे. अमक्याला सलाम सांग, तमका करिंथात राहिला, येताना पुस्तके आण. त्या गर्दीत एक वाक्य असे येते की वाचणाऱ्याची नजर त्यावरून सहज घसरून पुढे जावी: त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. बस्स, एवढेच. आजार कोणता, किती दिवसांचा, पुढे तो बरा झाला की नाही, याबद्दल एक अक्षर नाही.

हा त्रफिम कोण हे ठाऊक असले की ते वाक्य जड होते. तो इफिसचा. प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे की याच इफिसात पौलाच्या अंगावरचे रुमाल नि फडकी नेऊन आजाऱ्यांवर घालत आणि त्यांचे रोग निघून जात. पुढे यरुशलेमेत पौल पकडला गेला तोही याच माणसावरून. परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, त्रफिमाला पौलाने मंदिराच्या आत नेले असा लोकांचा समज झाला आणि शहर पेटले. ज्याच्या रुमालांनी अनोळखी लोक बरे होत, त्याचा हा जवळचा सोबती. तो आजारी पडला तेव्हा मात्र पौल त्याला मागे ठेवून पुढे निघाला. हे पत्र पौलाने स्वतः लिहिले की नंतर एखाद्या शिष्याने त्याच्या नावाने लिहिले, यावर अभ्यासकांत वाद आहे. शिष्याने लिहिले असेल तर गोष्ट आणखीच बोलकी होते: गुरूची थोरवी सांगायला बसलेल्या माणसाने हे वाक्य गाळले नाही.

मला ते वाक्य फार उशिरा भेटले. माझी मावशी आजारी होती तेव्हा ते माहीत असते तर बरे झाले असते. तिच्या उशाशी एक उपदेशक येऊन बसत. स्वतःचा वेळ मोडून येत, त्यांच्या हेतूबद्दल मला आजही शंका नाही. ते म्हणायचे, “देवाच्या सामर्थ्यात काही कमी नाही, बाई. कमी असेल तर ती आपल्या विश्वासात.” डॉक्टरांनी हात टेकल्यावरही ते हेच म्हणत राहिले. मावशीचे शेवटचे आठवडे या हिशेबात गेले: कुठे शंका शिवली, कोणती प्रार्थना अर्ध्या मनाने केली, कोणाला क्षमा करायची राहून गेली. देवावर ती कधी रागावली नाही. स्वतःला नापास करून गेली.

देव सर्वसमर्थ आहे हे मी मानतो. उपासनेत म्हणतात त्या विश्वासांगीकारातले ते पहिले वाक्य म्हणताना माझी जीभ अडखळत नाही. पण आज हा शब्द ज्या अर्थाने व्यासपीठांवरून, पडद्यांवरून आणि आजाऱ्यांच्या उशाशी वापरला जातो, तो त्याचा ख्रिस्ती अर्थ नाही, असे माझे म्हणणे आहे. हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीच्या चार भिंतींतला राहिलेला नाही. कोणी औषध सोडतो, कोणी कर्ज काढून दान देतो, कोणी सत्ताधीश आपल्या विजयावर देवाचा शिक्का मारून घेतो, आणि या सगळ्यांच्या तोंडी तोच एक शब्द असतो.

तेव्हा आधी शब्दाकडेच पाहू. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात नव्याण्णव वर्षांच्या अब्रामाला देव दर्शन देतो आणि आपले नाव सांगतो: एल शद्दाय. मराठी बायबलात त्याचे ‘सर्वसमर्थ देव’ झाले आहे. ‘शद्दाय’ची व्युत्पत्ती अजून कोणालाही खात्रीने लावता आलेली नाही. पण हा शब्द कुठे येतो ते मोजता येते. जुन्या करारात तो 48 वेळा येतो आणि त्यांतल्या 31 वेळा एकट्या ईयोबाच्या पुस्तकात. ज्या पुस्तकात एका निरपराध माणसाची मुले, गुरेढोरे आणि कातडीसुद्धा जाते, त्याच पुस्तकात ‘सर्वसमर्थ’ हे नाव सर्वाधिक वेळा घेतलेले आहे. शब्दाला त्याचे घर विचारले तर तो विजयाच्या मंडपाकडे बोट दाखवत नाही, राखेच्या ढिगाकडे दाखवतो.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून इब्री शास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. ईयोबात अनेक ठिकाणी ‘शद्दाय’साठी, आणि इतरत्र ‘सेनाधीश’ या अर्थाच्या शब्दासाठीही, भाषांतरकारांनी ‘पांतोक्रातोर’ हा शब्द घातला. त्यात सत्ता आहे तशी पकडही आहे. ज्या धातूशी त्याचे नाते आहे त्याचा अर्थ हाती धरणे असाही होतो. दुसऱ्या शतकातला अंत्युखियाचा बिशप थिओफिलस याने त्याचा उलगडा असाच केला: देव सगळे धरून आहे, सगळ्याला कवेत घेऊन आहे, म्हणून तो पांतोक्रातोर. निकिया येथे 325 साली मंडळीने जो अंगीकार मांडला त्यात हाच शब्द आहे. लॅटिनमध्ये त्याचे ‘ओम्निपोतेन्स’ झाले, म्हणजे सर्व काही करू शकणारा. फरक वरवर बारीक वाटतो, पण ‘धरून ठेवणारा’ म्हटले की मनात उभा राहतो तो हात, आणि ‘काहीही करू शकणारा’ म्हटले की उभी राहते ती यादी. पश्चिमेकडच्या मंडळीने पुढची कित्येक शतके त्या यादीवर वाद घातला.

मराठीत आपल्याला मिळालेला ‘समर्थ’ हा शब्द, माझ्या मते, लॅटिनपेक्षा ग्रीकच्या जवळचा आहे. ‘ती संसार चालवायला समर्थ आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा तिच्या दंडातल्या ताकदीबद्दल बोलत नसतो. भार पेलण्याबद्दल बोलत असतो. हे भाग्य आपल्या भाषांतरकारांनी मिळवून दिले आणि आपण ते व्यासपीठावर उधळले.

त्या यादीविषयी थोडक्यात. देव स्वतःलाच उचलता येणार नाही असा धोंडा निर्माण करू शकतो का, हा प्रश्न तरुणपणी प्रत्येकाला एकदा तरी भुरळ घालतो. थॉमस अक्वायनस या ईश्वरविज्ञान्यांनी तेराव्या शतकात त्याची वाट बंद केली: ज्यात स्वतःलाच छेद देणारी गोष्ट आहे ती ‘गोष्ट’च नाही, देवाला ती करता येत नाही असे म्हणण्यापेक्षा ती होऊच शकत नाही असे म्हणावे. त्यांच्या आधी आठ शतके ऑगस्टीन म्हणून गेला होता की देव मरू शकत नाही, फसू शकत नाही, आणि हे त्याला येत नाही ते तो सर्वसमर्थ आहे म्हणूनच. चौकोनी वर्तुळावर रात्री जागवण्याची गरज नाही.

या साऱ्या वादात मला एकच प्रश्न खरा जिवंत वाटतो, आणि तो निघाला जेवणावरच्या गप्पांतून. अकराव्या शतकात पीटर डेमियन हा संन्यासी मॉन्टे कसिनोच्या मठात मठाधिपती डेसिडेरियसबरोबर बसला असताना जेरोम या जुन्या धर्मपंडिताच्या एका वाक्याचा विषय निघाला: देव सर्व काही करू शकतो, पण भंगलेले कौमार्य पुन्हा अभंग करू शकत नाही. डेसिडेरियसने जेरोमची बाजू घेतली. डेमियन अस्वस्थ झाला आणि पुढे 1065च्या सुमारास त्याने एक लांबलचक पत्र लिहून देवाच्या अमर्याद सामर्थ्याची बाजू मांडली. विषय त्या काळच्या मठवासीयांचा आहे आणि त्यांच्या नजरेचाही आहे, हे मान्य. पण त्याच्या पोटात दडलेला प्रश्न कोणाही दुःखी माणसाचा आहे: जे घडून गेले ते न घडलेले करता येते का? मूल गमावलेल्या आईला वर्तुळ चौकोनी व्हायला नको असते. तिला मंगळवार परत हवा असतो.

याला शुभवर्तमानाने दिलेले उत्तर डेमियनच्या पत्रापेक्षा मला जास्त पटते, कारण ते युक्तिवादात नाही, देहात आहे. पुनरुत्थित येशू शिष्यांपुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण असतात. मरणाला हरवणाऱ्या सामर्थ्याला कातडी गुळगुळीत करून देणे काय अवघड होते? ते केले नाही. कुशीतली जखम इतकी उघडी आहे की थोमाला तिच्यात हात घालायला सांगितले जाते. वधस्तंभाचा शुक्रवार रद्द झालेला नाही, तो पुनरुत्थानाच्या रविवारच्या अंगावर आहे. देवाचे सामर्थ्य भूतकाळ पुसत नाही. त्याला सोबत घेऊन पलीकडे जाते. ज्याला पुसून टाकणारा देव हवा आहे त्याला हे कमी वाटेल, हे मी समजू शकतो. मलाही काही दिवशी कमी वाटते.

आता खरा अडसर. लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने चौथ्या शतकाच्या आरंभी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावाने एक पेच नोंदवून ठेवला. देवाला दुष्टता दूर करायची आहे पण जमत नाही, तर तो दुर्बळ. जमते पण करायची नाही, तर तो दुष्ट. इच्छा आणि सामर्थ्य दोन्ही असेल तर मग दुष्टता येते कुठून? विरोधकाचा सर्वांत धारदार सवाल एका ख्रिस्ती माणसाच्याच पुस्तकातून आपल्यापर्यंत आला, याचे मला नेहमी कौतुक वाटते. पूर्वीच्या काही लोकांना प्रश्न लपवण्याची सवय नव्हती.

1 नोव्हेंबर 1755 रोजी हा पेच युरोपच्या डोक्यावर कोसळला. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता. लिस्बनमधली चर्चे सकाळच्या मिस्सेसाठी भरलेली असताना भूकंप झाला, मग समुद्र शहरात शिरला, आणि सणासाठी पेटवलेल्या मेणबत्त्यांनी लागलेल्या आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या. हजारो माणसे गेली, त्यांतली पुष्कळशी गुडघे टेकलेली असताना. फ्रेंच लेखक व्होल्तेअरने त्यावर कविता लिहिली आणि ‘जे आहे ते सर्व ठीकच आहे’ म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांना धारेवर धरले. पण मला व्होल्तेअरपेक्षा गॅब्रिएल मालाग्रिडा या जेझुइट धर्मगुरूची जास्त आठवण येते. त्याने 1756 साली पुस्तिका काढून जाहीर केले की भूकंपाला नैसर्गिक कारणे शोधू नका, कारण एकच, लिस्बनकरांची पापे. तंबू आणि झोपड्या उभारण्यात गुंतण्यापेक्षा पश्चात्तापाला बसा, असा त्याचा रोख होता. त्या माणसाचा पुढे फार वाईट शेवट झाला. 1761 मध्ये त्याला जाहीर मृत्युदंड देण्यात आला, आणि तो अन्यायच होता. तरी त्याची पुस्तिका मला माफ करता येत नाही. उघड्यावर पडलेल्या माणसाला छप्पर नाकारून त्याच्या अपराधांची यादी हातात देणे, हे देवाच्या सामर्थ्याचे समर्थन म्हणून त्याने केले.

हे करायला त्याच्याकडे शास्त्राचा आधार नव्हता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा येशूने विचारले होते, ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असे तुम्हाला वाटते का? आणि स्वतःच उत्तर दिले: नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? पुन्हा तेच: नाही याचे, नाही त्यांचे. इतक्या स्पष्ट ‘नाही’नंतरही आपण दर आपत्तीत तोच प्रश्न नव्याने विचारतो. कारण उघड आहे. दोष कोणाचा तरी निघाला की देवाचा हिशेब जुळतो आणि आपली झोप टिकते.

ईयोबाच्या मित्रांनी हेच केले होते. त्यांची भाषणे वाचून पाहा. सर्वसमर्थाच्या थोरवीविषयी त्यांतली कित्येक वाक्ये आजही उपदेशात खपून जातील. देव न्यायी आहे, देव बलाढ्य आहे, ज्याअर्थी तू भोगतोस त्याअर्थी तू काहीतरी केलेस. शेवटी देव वावटळीतून बोलतो, चार अध्याय बोलतो, आणि ईयोबाच्या ‘का’ला उत्तर म्हणून एक ओळही देत नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, रानगाढवाला मोकळे कोणी सोडले, शहामृग आपली अंडी विसरते ते पाहिलेस का. हे उत्तर नाही असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. पण त्यानंतर जे घडते ते बहुतेक उपदेशक घाईने उरकतात. देवाचा क्रोध भडकतो तो मित्रांवर. माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे तो त्यांना सांगतो. पुस्तकभर ज्याने देवाला कोर्टात खेचायची भाषा केली तो खरे बोलला, आणि ज्यांनी देवाच्या सामर्थ्याची वकिली केली ते खोटे ठरले. आजाऱ्याच्या उशाशी जाण्याआधी प्रत्येकाने हा शेवटचा अध्याय वाचावा, अशी माझी फार इच्छा आहे.

हा पेच सोडवण्याचा एक सरळ मार्ग म्हणजे सामर्थ्यच सोडून देणे. विसाव्या शतकात अनेकांनी तो धरला. हान्स योनास या ज्यू तत्त्वज्ञांची आई नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत मारली गेली. त्यांनी 1984 मध्ये एका व्याख्यानात म्हटले की देव गप्प राहिला तो त्याला हस्तक्षेप करायचा नव्हता म्हणून नव्हे. त्याला करता येत नव्हता, जग निर्माण करतानाच त्याने आपले सामर्थ्य सोडून दिले होते. ज्या माणसाने हे इतकी किंमत मोजून म्हटले त्याच्याशी मी बरोबरीने वाद घालू शकत नाही. तरी मला त्यांच्यामागे जाता येत नाही. देव नुसताच दुःखी सोबती असेल तर जिवंतांना थोडा आधार मिळेल, पण मेलेल्यांचे काय? त्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द मारणाऱ्याचाच ठरतो. पौल रोमकरांना लिहिताना देवाचे वर्णन करतो ते मेलेल्यांना जिवंत करणारा आणि जे नाही त्याला ते असल्याप्रमाणे हाक मारणारा असे. मला या सामर्थ्यावरचा दावा सोडायचा नाही. विजेत्यांना त्याची गरज नसते. बळी गेलेल्यांकडे दुसरे काही उरलेले नसते.

मग हे सामर्थ्य दिसते कसे? इथे मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दोन जागा शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिली, अरण्यात. चाळीस दिवसांच्या उपासानंतर परीक्षक येतो आणि म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक. दुसरी, वधस्तंभापाशी. येणारेजाणारे डोकी हलवत ओरडतात, तू देवाचा पुत्र असशील तर खाली ये. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी तीच शब्दयोजना आहे. मत्तयाने ती चुकून केलेली नाही. सामर्थ्य असेल तर दाखव, सिद्ध कर, आमच्या डोळ्यांदेखत कर: ही मागणी शुभवर्तमानात भक्ताच्या तोंडी नाही. ती सैतानाची आणि टवाळांची आहे. आज तीच मागणी ध्वनिक्षेपकावरून केली जाते आणि तिला विश्वास म्हणतात.

अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने केलेली प्रार्थना तर मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. मार्काने ती नोंदवली आहे: अब्बा, बापा, तुला सर्व काही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. देवाच्या सर्वसमर्थतेची याहून स्वच्छ कबुली कोणी दिलेली नाही. आणि उत्तर आले ते ‘नाही’. ज्याचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, त्याच्या प्रार्थनेला ‘नाही’. या एका रात्रीनंतर ‘बरे झाले नाही म्हणजे विश्वास कमी’ हे सूत्र ख्रिस्ती माणसाच्या तोंडून निघू शकते, याचे मला खरोखर नवल वाटते.

‘तरी’ हा शब्द दानीएलाच्या पुस्तकातल्या त्या तीन तरुणांनीही वापरला आहे. राजाने सोन्याच्या मूर्तीपुढे वाका नाहीतर भट्टीत जा म्हटले. ते म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि त्याने न सोडवले तरी आम्ही वाकणार नाही. भट्टीतून ते वाचले ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण त्यांचा विश्वास वाचण्याच्या आधी पूर्ण झाला होता, त्या ‘न सोडवले तरी’मध्ये.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. तुम्ही शब्द वाचवण्यासाठी त्याचा अर्थच पातळ करता आहात. ज्या सामर्थ्याने काहीच घडत नाही ते सामर्थ्य कसले? येशूने आजारी बरे केले, वादळ शमवले, ते काय मग? मी त्या गोष्टी नाकारत नाही. मी फक्त त्या पुन्हा नीट वाचा म्हणतो. बेथेस्दाच्या तळ्यापाशी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाला बरे करणारा कोण हेसुद्धा माहीत नव्हते. छपरातून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाच्या गोष्टीत येशूने विश्वास पाहिला तो त्याला वाहून आणणाऱ्यांचा. भूतग्रस्त मुलाचा बाप ओरडला की मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मूल बरे झाले. येशूने जिवंत केलेला लाजर तर मेलेलाच होता, त्याच्याकडून कोणत्या विश्वासाची अपेक्षा करणार? नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे येशूला फारशी महत्कृत्ये करता आली नाहीत, हे मार्काचे वाक्य मला उलट दाखवले जाते. ते वाक्य एका गावाच्या तुच्छतेविषयी आहे, ‘हा तर सुतार’ म्हणणाऱ्यांविषयी. अंथरुणाला खिळलेल्या बाईवर ते उचलून मारायचे नसते. आणि ज्यांना येशूने बरे केले ते सगळे पुढे कधीतरी मेले, लाजरसुद्धा दुसऱ्यांदा. ते चमत्कार खुणा होते. योहान त्यांना ‘चिन्हे’च म्हणतो.

खुणेचा धंदा कसा होतो हेही शास्त्राने पहिल्याच पिढीत नोंदवले. शोमरोनात शिमोन नावाचा जादूगार होता. लहानथोर सगळे त्याला ‘देवाची महाशक्ती’ म्हणत. प्रेषितांनी हात ठेवल्यावर पवित्र आत्मा मिळतो हे पाहून त्याने पैसे पुढे केले: हा अधिकार मलाही द्या. पेत्राने त्याला जे सुनावले ते सौम्य नाही: तुझ्या पैशाचा तुझ्याबरोबर नाश होवो. त्याच्या नावावरून धर्मपदांच्या खरेदीविक्रीला युरोपीय भाषांत शब्द पडला. आज दान आधी आणि आशीर्वाद नंतर असा सौदा जिथे होतो तिथे शिमोनाचे नाव घ्यायला हवे, पण तिथे नाव घेतले जाते पेत्राचे.

आणि सत्तेचे? स्विस ईश्वरविज्ञानी कार्ल बार्थ यांना 1935 मध्ये हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घेतली नाही म्हणून बॉन विद्यापीठातले पद सोडावे लागले होते. युद्ध संपल्यावर 1946 च्या उन्हाळ्यात ते परत आले आणि अर्धवट पडलेल्या त्याच इमारतीत त्यांनी विश्वासांगीकारावर व्याख्याने दिली. ‘सर्वसमर्थ’ या शब्दापाशी आल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना आठवण करून दिली की हिटलर देवाविषयी बोलायचा तेव्हा त्याला ‘सर्वसमर्थ’ म्हणायचा. त्यांचे म्हणणे असे की ‘सर्वसमर्थ’ एवढेच म्हणजे देव नव्हे. नुसते, बेलगाम, स्वतःपुरते सामर्थ्य ही अनाचाराची, सैतानाची गोष्ट आहे. समोर बसलेल्यांपैकी कितीजणांनी लष्करी पट्ट्याच्या बक्कलावर ‘देव आमच्याबरोबर’ ही अक्षरे वागवली असतील, हा विचार ते पान वाचताना माझ्या मनातून जात नाही.

विश्वासांगीकारात ‘सर्वसमर्थ’ हा शब्द एकटा येत नाही, ‘पिता’ या शब्दाला चिकटून येतो, आणि थोड्याच ओळींत पिलाताच्या अमलात दुःख भोगले, वधस्तंभावर खिळला गेला, मरण पावला, पुरला गेला, इथवर येऊन पोहोचतो. त्या शब्दाचा अर्थ पुढच्या ओळी लावतात. नव्या करारात ‘पांतोक्रातोर’ दहा वेळा येतो आणि त्यांतल्या नऊ वेळा प्रकटीकरणात, छळ सोसणाऱ्या मंडळ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात. त्याच पुस्तकात योहानाला सांगितले जाते की पाहा, यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे. तो मान वळवून पाहतो. समोर कोकरू उभे असते, वध केल्यासारखे.

मावशीच्या त्या उपदेशकांशी मी नंतर कधी बोललो नाही. बोललो असतो तर प्रार्थना थांबवा असे म्हटले नसते. प्रार्थना करावी, बरे होण्यासाठीच करावी, मोकळेपणाने मागावे. गेथशेमानेत मागितलेच होते. मी एवढेच म्हटले असते की प्रार्थनेचा निकाल रुग्णाच्या पदरात गुणपत्रिकेसारखा टाकू नका, आणि त्याचे औषध बंद करायला सांगू नका. तीमथ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यांवर आणि पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असा सल्ला त्याच पौलाच्या नावाने लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. लूक वैद्य त्याच्याबरोबर फिरत होता. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली आणि त्याला उत्तर मिळाले: माझी कृपा तुला पुरे, अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते. काटा निघाला नाही.

दुसऱ्या पत्राचा तो शेवट मी आता पुन्हा पुन्हा वाचतो. लिहिणारा बेड्यांत आहे. बहुतेक जण सोडून गेले आहेत, लूक तेवढा जवळ आहे. त्रोवसात कार्पाकडे एक अंगरखा राहिला आहे, तो येताना घेऊन ये, असे तो सांगतो. पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे. मग त्रफिमाचे ते वाक्य येते, आणि लगेच पुढचे: हिवाळ्यापूर्वी येण्याचा होईल तितका प्रयत्न कर.